न पाहिलेला आकडा लिहू नका : आयकर विवरणपत्रे भरून देणाऱ्या नव्या सहकाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात सुमारे १५० ठिकाणी एकाच वेळी कारवाई केली. त्या कारवाईच्या केंद्रस्थानी कोणी बडा उद्योगपती नव्हता. पगारदारांच्या विवरणपत्रांत खोट्या वजावटी घालून त्यांना परतावा मिळवून देणारे आणि त्या परताव्यातून आपला हिस्सा घेणारे मध्यस्थ तिचे लक्ष्य होते, म्हणजे समाजाच्या नजरेत तुम्ही आणि मीच. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच दिवशी जाहीर केले. एवढ्या लोकांनी एकाच प्रकारची चूक आपापल्या घरी बसून स्वतंत्रपणे केली असेल, असे मला वाटत नाही. त्यांतल्या अनेकांच्या शेजारी कोणीतरी जाणकार म्हणवणारा माणूस बसलेला होता.

या व्यवसायात मला २२ वर्षे झाली. तुमच्यापैकी काहींनी नुकतेच स्वतःचे कार्यालय थाटले आहे, काही अजून दुसऱ्याच्या हाताखाली विवरणपत्रे भरत आहेत. तुम्हाला कायदा शिकवण्याचा माझा हेतू नाही, तो तुम्ही शिकूनच आला आहात. मला ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे ती कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणे आणि उत्तराचा कागद पाहिल्याशिवाय आकडा न लिहिणे, ही ती गोष्ट आहे.

हे सांगायला सोपे आणि हंगामात पाळायला अतिशय कठीण आहे, आणि त्याचे कारण वेळापत्रकातच आहे. पगारातून आधीच कापलेल्या कराचे, म्हणजे टीडीएसचे, शेवटच्या तिमाहीचे विवरणपत्र भरण्याची मुदत मालकाला ३१ मे असते, पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म १६ मालकाने द्यायची मुदत १५ जून असते आणि पगारदाराचे विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत जावे लागते. म्हणजे पक्षकाराच्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा २६एएस हा तक्ता पूर्ण भरलेला दिसू लागल्यापासून आपल्या हातात जेमतेम सहा-सात आठवडे उरतात. त्यातले पहिले तीन आठवडे कोणी फिरकत नाही आणि शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम येतात. मुदतवाढीच्या आशेवर काम मागे ठेवण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नका. २०२५ साली मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आणि शेवटच्या रात्री आणखी एका दिवसाने, पण ज्यांनी कागद आधीच गोळा केले होते त्यांनाच त्या वाढीव दिवसांचा खरा उपयोग झाला. मी मे महिन्यातच प्रत्येक पक्षकाराला प्रश्नांचा एक छापील कागद पाठवते. उत्तरे जूनमध्ये आली नाहीत तरी चालतात, कारण प्रश्न तोपर्यंत त्यांच्या डोक्यात फिरू लागलेले असतात.

त्या कागदावरचा पहिला प्रश्न असा आहे : वर्षभरात नोकरी बदलली का? हा प्रश्न राहून गेला तर काय होते ते आकड्यांत पाहा. वार्षिक १६ लाख पगारावर काम करणाऱ्या व्यक्तीने सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि तेवढ्याच पगारावर ऑक्टोबरपासून दुसरीकडे ती रुजू झाली. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठीच्या नव्या करप्रणालीनुसार (जिच्यात दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन तिचे करपात्र उत्पन्न १५,२५,००० रुपये होते आणि उपकरासह कर १,१३,१०० रुपये. पहिल्या मालकाने वर्षभराचा पगार गृहीत धरून सहा महिन्यांत निम्मा कर, म्हणजे ५६,५५० रुपये कापले. दुसऱ्या मालकाला आधीच्या पगाराची माहितीच दिली गेली नाही. त्याच्या हिशेबी उत्पन्न ८ लाख, त्यातून पुन्हा प्रमाणित वजावट, वर १२ लाखांपर्यंतची करसवलत, म्हणजे कर शून्य. जुलैमध्ये ती व्यक्ती आपल्याकडे दुसऱ्या मालकाचा फॉर्म १६ घेऊन येते आणि परतावा किती मिळेल असे विचारते. आपण फक्त तो फॉर्म पाहून विवरणपत्र भरले, तर काही महिन्यांनी येणाऱ्या सूचनेत ५६,५५० रुपयांची मागणी आणि त्यावर आगाऊ कर वेळेवर न भरल्याबद्दलचे कलम २३४ब व २३४क खालील व्याज असते. त्या वेळी दोष मालकाचा की पक्षकाराचा, ही चर्चा कोणी ऐकून घेत नाही, ज्याने विवरणपत्र भरले त्याच्याच दारात माणूस येतो.

आता तुम्ही म्हणाल की हे सारे वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे विवरण आयकर विभागाच्या पोर्टलवर आले आणि आपले काम निम्म्याने सोपे झाले, हे मी मनापासून मान्य करते. त्याआधी बचत खात्याचे व्याज आठवते का, असे विचारले की बहुतेक लोक छताकडे पाहत असत. परंतु एआयएसला प्रमाण मानण्याची जी सवय गेल्या काही वर्षांत आपल्यात रुजली आहे, ती मला धोक्याची वाटते. संयुक्त ठेवीचे सगळे व्याज त्यात पहिल्या नावावर येते, मग पैसे दुसऱ्याचे का असेनात. शेअर विक्रीची रक्कम दिसते, पण खरेदीची किंमत अनेकदा अपुरी किंवा चुकीची असते. एकच व्यवहार दोन स्रोतांकडून आल्यामुळे दोनदा दिसतो. अशा प्रत्येक ठिकाणी पक्षकाराशी बोलून, कागद पाहून, पोर्टलवर तसा अभिप्राय नोंदवणे हे आपले काम आहे, आणि मुदतीच्या घाईत ते सर्वांत आधी गळते.

उलट बाजू आणखी महत्त्वाची आहे. एआयएसमध्ये जे दिसत नाही तेही करपात्र असू शकते आणि तेथे प्रश्नाखेरीज दुसरे साधन आपल्याजवळ नाही. रोख मिळणारे घरभाडे तेथे नसते. बहुराष्ट्रीय कंपनीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला मूळ परदेशी कंपनीचे शेअर मिळाले असतील, तर त्याने एकही शेअर विकला नसला आणि त्यातून दमडीचे उत्पन्न झाले नसले, तरी त्याला आयटीआर-१ हा साधा अर्ज भरता येत नाही आणि परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते शेअर दाखवावेच लागतात. त्यातही नोंद आर्थिक वर्षाची नसून कॅलेंडर वर्षाची करायची असते, आणि येथे अनुभवी लोकही चुकतात. २०१५ च्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्यात ही माहिती न देण्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता इतर परदेशी मालमत्तांचे एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, पण दंड टळला म्हणजे माहिती देण्याचे बंधन टळले असा अर्थ कृपा करून काढू नका. तुमच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक तरुण अभियंत्याला हा प्रश्न विचारा. त्यांतल्या बऱ्याच जणांना हे शेअर आपल्या पगाराचाच भाग वाटतात आणि पगार तर फॉर्म १६ मध्ये आलाच आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

जुनी की नवी करप्रणाली, हा प्रश्न आता रोजचा झाला आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात. नवी प्रणाली कर निर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) २०२४-२५ पासून, निवड केली नाही तर आपोआप लागू होणारी प्रणाली झाली आहे आणि जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. ज्याला व्यवसायाचे उत्पन्न नाही, तो दरवर्षी विवरणपत्रातच निवड करू शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला मात्र जुनी प्रणाली निवडण्यासाठी मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा जुन्या प्रणालीत जाऊन परत आले की पुन्हा तो दरवाजा सहसा उघडत नाही. दोघांच्याही बाबतीत विवरणपत्राला उशीर झाला की जुनी प्रणाली हातची जाते. म्हणून गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या आणि विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्या वजावटींवर विसंबलेल्या पक्षकाराला उशिरा येण्याची खरी किंमत जुलैच्या आधी आकड्यात सांगा. विलंब शुल्काचे ५,००० रुपये त्याला परवडतील, पण गेलेल्या वजावटींमुळे वाढलेला कर त्याच्या अनेक पट असू शकतो.

यापुढचा मुद्दा हेच माझ्या पत्राचे मुख्य कारण आहे, आणि त्यावर मला सविस्तर लिहिले पाहिजे.

तुमच्याकडे लवकरच असा माणूस येईल, जो म्हणेल की माझ्या सहकाऱ्याला ६०,००० रुपये परतावा मिळाला, त्याचा पगार माझ्याएवढाच आहे, मग मला का नाही? तो खोटे बोलत नसतो, त्याच्या सहकाऱ्याला खरेच तेवढा परतावा मिळालेला असतो. तुम्ही विवरणपत्र पाहिले तर राजकीय पक्षाला दिल्याचे दाखवलेली देणगी, कधीही न घेतलेले शैक्षणिक कर्ज, वडिलांना दिल्याचे दाखवलेले आणि बँकेतून कधीच न गेलेले घरभाडे, अशा नोंदी तेथे सापडतील. त्या माणसाला नाही म्हणणे सोपे नाही. नव्या कार्यालयाचे भाडे भरायचे असते, त्याच्याबरोबर त्याच्या विभागातले वीस जण येणार असतात, आणि शेजारच्या रस्त्यावरचा माणूस हे काम आनंदाने करील हे तुम्हाला ठाऊक असते. मी त्या खुर्चीत बसलेली आहे आणि त्या मोहाचे वजन मला माहीत आहे.

अशा वेळी मी कायद्याचा धाक घालत नाही, कारण समोरच्याला तो आपल्याला लागू होईल असे वाटतच नाही. मी त्याला हिशेब मांडून दाखवते. उत्पन्न खोटे दाखवणे सिद्ध झाले तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २७०अ नुसार वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, म्हणजे ६०,००० रुपयांसाठी मूळ कर आणि व्याज सोडून १,२०,००० रुपये. परताव्यातून जो मध्यस्थ आपला हिस्सा घेऊन जातो, त्याचे नाव विवरणपत्रावर कोठेही नसते. माहिती खरी असल्याच्या सत्यापनाखाली फक्त करदात्याचे नाव असते. एवढे सांगितल्यावर निम्मे लोक शांतपणे खरे विवरणपत्र भरायला तयार होतात. उरलेले निघून जातात, आणि त्यांतले काही दोन वर्षांनी नोटीस हातात घेऊन परत येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. राहिलेला कर नंतर भरून चूक सुधारणारे अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत आता संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांची आहे. पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, नंतर ५०, ६० आणि ७० टक्के असा अतिरिक्त कर कर-व्याजाच्या रकमेवर चढत जातो, म्हणून चूक कळल्यावर प्रत्येक वर्षाचा विलंब महाग पडतो. पण विभागाची कारवाई सुरू झाल्यावर हा मार्ग सरसकट मोकळा राहत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगा.

कायदा आपल्यालाही मोकळे सोडत नाही. खोटे विवरण देण्यास जाणूनबुजून साहाय्य करणे वा प्रवृत्त करणे हा त्याच कायद्याच्या कलम २७८ खाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे. पक्षकाराने सांगितले तसे मी भरले, हा बचाव तेव्हाच टिकतो, जेव्हा त्याने काय सांगितले आणि तुम्ही काय विचारले याचा कागद तुमच्या फाइलमध्ये असतो. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून जुन्या प्रणालीतील वजावटींसाठी विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्ज देणारी बँक, कर्जखात्याचा क्रमांक असे तपशील विवरणपत्रातच मागितले जात आहेत. काही सहकारी याला जाच म्हणतात. मला हा आपल्या बाजूचा नियम वाटतो, कारण आता पक्षकाराकडे कागद मागताना आपल्याला संकोच करावा लागत नाही.

आणि म्हणूनच माझी पहिली थेट मागणी : परताव्याच्या टक्केवारीत शुल्क घेणे बंद करा. सनदी लेखापालांना निष्पत्तीवर अवलंबून असलेले शुल्क १९४९ च्या त्यांच्या अधिनियमाने सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे, परंतु विवरणपत्रे भरून देणारे सगळेच सनदी लेखापाल नसतात आणि बाकीच्यांपैकी अनेकांवर असे बंधन घालणारी शिस्तपालन यंत्रणा नाही. म्हणून ते बंधन आपणच स्वतःवर घालायचे आहे. ज्या क्षणी तुमचे शुल्क परताव्याशी बांधले जाते, त्या क्षणी तुम्ही पक्षकाराच्या उत्पन्नाकडे तटस्थपणे पाहू शकत नाही. शुल्क कामावर ठरवा, कागद हाती घेण्यापूर्वी सांगा आणि लेखी द्या. त्या एका पानावर आपण काय करणार, काय करणार नाही, कागद किती तारखेपर्यंत हवेत आणि नोटीस आल्यास तिच्या उत्तराचे शुल्क वेगळे असेल की नाही, हे चार मुद्दे असले तरी पुढचे बरेच वाद टळतात.

दुसरी मागणी : पक्षकाराच्या पोर्टलवरील खात्यावर त्याचाच ई-मेल पत्ता ठेवा. ती माझ्या स्वतःच्या चुकीतून आली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत सोय म्हणून मी अनेक पक्षकारांच्या खात्यावर माझाच ई-मेल पत्ता नोंदवत असे. एका छोट्या व्यावसायिकाच्या विवरणपत्रात त्रुटी असल्याची कलम १३९(९) खालील सूचना त्या पत्त्यावर आली आणि हंगामाच्या गर्दीत माझ्या नजरेतून सुटली. उत्तर देण्यासाठी १५ दिवस असतात. ते उलटले, विवरणपत्र अवैध ठरले, आणि मुदतीत विवरणपत्र भरलेच नाही असे गृहीत धरले गेल्यामुळे त्या वर्षीचा व्यवसायातील तोटा पुढच्या वर्षांत ओढण्याचा त्यांचा हक्क गेला. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन चूक माझी आहे असे सांगितले. त्यांनी पुढेही काम माझ्याकडेच ठेवले, पण त्यांचे नुकसान मला भरून देता आले नाही आणि ती सूचना त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर गेली असती तर त्यांनी मला नक्की फोन केला असता, हा विचार अजूनही मनातून जात नाही. जुलै २०२५ च्या कारवाईत विभागाला आढळलेल्या गोष्टींपैकी एक हीच होती : घाऊक विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते तयार केले गेले, नंतर ते सोडून दिले गेले आणि अधिकृत नोटिसा कोणी वाचल्याच नाहीत. माझा हेतू वेगळा होता, पण परिणाम तोच झाला.

ओटीपीच्या बाबतीतही हेच धोरण ठेवा. आधारचा ओटीपी फोनवर विचारून घेण्याऐवजी भरलेल्या विवरणपत्राची प्रत आधी पाठवा, पक्षकाराने ती पाहिल्याचा होकार लेखी घ्या आणि मग त्यालाच सत्यापन करायला सांगा. सत्यापनाची मुदत १ ऑगस्ट २०२२ पासून ३० दिवसांवर आली आहे, पूर्वी ती १२० दिवस होती. ती उलटली तर सत्यापनाचा दिवस हाच विवरणपत्र भरल्याचा दिवस धरला जातो आणि वेळेत भरलेले विवरणपत्र उशिराचे ठरते. त्यामुळे भरलेली पण सत्यापन न झालेली विवरणपत्रे कोणती, याची यादी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काढणे हे मी माझ्या कार्यालयात अनिवार्य केले आहे.

कधीकधी कायदा एक सांगतो आणि पोर्टलवरील सॉफ्टवेअर दुसरेच करते. ५ जुलै २०२४ नंतर सॉफ्टवेअरमध्ये झालेल्या बदलामुळे विशेष दराने कर लागणाऱ्या (उदाहरणार्थ शेअरवरील अल्पकालीन नफ्याच्या) उत्पन्नावर कलम ८७अ ची, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी करसवलत नव्या प्रणालीत मिळेनाशी झाली. त्याविरुद्ध करसल्लागारांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर विलंबित व सुधारित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली. अशा प्रसंगी आपली गणना कागदावर ठेवा, पडद्यावर दिसलेल्या अडचणीचे चित्र जपून ठेवा आणि कोणता मार्ग घेतला तर काय जोखीम आहे हे पक्षकाराला लिहून कळवा. निर्णय त्याचा असला पाहिजे, पण तो घेण्याइतकी माहिती त्याच्याजवळ असणे ही जबाबदारी आपली आहे.

येणारी एक-दोन वर्षे या दृष्टीने अधिक कसोटीची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला, त्यात मागील वर्ष आणि कर निर्धारण वर्ष यांची जागा एकाच कर वर्षाने घेतली आणि आपल्याला तोंडपाठ असलेले कलमांचे क्रमांक बदलले. तरीही २०२५-२६ चे उत्पन्न आणि त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या कायद्यानेच चालणार आहेत. एकाच टेबलावर दोन कायद्यांच्या फाइल असतील, तेव्हा प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर कोणत्या वर्षाला कोणता कायदा लागू आहे हे ठळक लिहून ठेवा. नोटिशीचे उत्तर चुकीच्या कलमाखाली गेल्यामुळे होणारा मनस्ताप मी पूर्वी फॉर्म बदलल्यावर पाहिला आहे.

शेवटी एक काम सांगते, ते हंगाम सुरू होण्यापूर्वी करा. तुमच्या पक्षकारांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकाच्या खात्यावर प्राथमिक संपर्क म्हणून नोंदवलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक पाहा. तो तुमचा, तुमच्या कार्यालयातील मुलाचा किंवा काम सोडून गेलेल्या सहायकाचा असेल, तर पक्षकाराला बोलावून त्याच्याच फोनवर तो बदलून द्या. माझ्या यादीत हे काम पूर्ण व्हायला दोन पावसाळे लागले. तुमची यादी अजून छोटी आहे.

आपली सहकारी,
एक करसल्लागार